बीबीएमचं ताक होऊ देऊ नका

एमएस्सीला पहिल्यांदा क्लोरेलासाठी (हे एक हिरवं सूक्ष्म शेवाळ) बीबीएम, म्हणजे बोल्ड्स बेसल मीडियम, शेवाळ वाढवायचं क्षारांचं पाणी, बनवलं तेव्हा वेळ वाचवायला सगळे स्टॉक, म्हणजे आधी करून ठेवलेली क्षारांची दाट द्रावणं, एका छोट्या बीकरमध्ये ओतले. पाणी नंतर घालू म्हटलं. तोवर बीकरात ताक झालं होतं! कॅल्शियम आणि फॉस्फेट एकमेकांना भेटले आणि साका होऊन तळाला बसले. ते परत विरघळत नाहीत. म्हणून आधी पाणी, मग क्षार.

सहा स्टॉक, प्रत्येकी ४०० मिली, सहा वेगळ्या बाटल्यांत. सोडियम नायट्रेट १० ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ३, सोडियम क्लोराइड १, डायपोटॅशियम फॉस्फेट ३, मोनोपोटॅशियम फॉस्फेट ७. कॅल्शियमच्या डब्याचं झाकण लगेच लावा, पावसाळ्यात ते बघता बघता ओलं होतं आणि वजन खोटं येतं. पाणी डिस्टिल्डच, नळाच्या पाण्यात कॅल्शियम आयतंच असतं.

याशिवाय १०० मिलीचे चार छोटे स्टॉक. एक, इडीटीए (धातूंना धरून ठेवणारं रसायन) ५ ग्रॅम आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड ३.१ ग्रॅम; हायड्रॉक्साइडशिवाय इडीटीए विरघळतच नाही. दोन, फेरस सल्फेट ०.४९८ ग्रॅम, त्यात सल्फ्युरिक ॲसिड ०.१ मिली. हा फिकट हिरवा हवा, तांबूस झाला की फेका. तीन, बोरिक ॲसिड १.१४२ ग्रॅम. चार, सूक्ष्म धातूंचं मिश्रण. त्यातला मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड हट्टी असतो, गरम केल्याशिवाय विरघळत नाही.

आता बीकरमध्ये ९३६ मिली पाणी घ्या, ढवळणी चालू ठेवा. सहा स्टॉक प्रत्येकी १० मिली, फॉस्फेट सगळ्यात शेवटी. मग छोटे चार, प्रत्येकी १ मिली, इडीटीए आधी आणि लोह त्याच्या मागून, म्हणजे लोह त्याच्या पकडीत राहतं. पीएच साधारण ६.६ येतो.

फ्लास्क अर्धेच भरा. कापसाचं बूच, वर खाकी कागद, दोरा. मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने जंतू मारणाऱ्या यंत्रात, १२१ अंशांवर १५ पौंड दाबाला २० मिनिटं. ऑटोक्लेव्ह बिघडला असेल तर छोट्या फ्लास्कना घरचा कुकर चालतो, पण दाब पूर्ण उतरल्याशिवाय झाकणाला हात लावू नका. घाई केली की मीडिया उसळून बूच भिजतं, आणि ओल्या बुचातून बुरशी आत उतरते.

दुसऱ्या दिवशी गार फ्लास्क काळ्या कागदासमोर धरून हळूच फिरवा. तळातून पांढरा धूर, म्हणजे तोच साका, उठला, तर पुढच्या खेपेला फॉस्फेट वेगळं ऑटोक्लेव्ह करून गार झाल्यावर मिसळा. नितळ असेल तर क्लोरेला सोडा.