व्यसनमुक्तीत सजगतेचा सराव : या चुका टाळा

1 जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते, बोटी किनाऱ्याला लागतात आणि जुलैअखेरपर्यंत खलाशांच्या हाताला काम राहत नाही. समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे अनेक जण दारू सोडण्याचा निश्चय याच दिवसांत करतात. सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा, या क्षणी शरीरात-मनात काय चालले आहे ते शांतपणे पाहण्याचा सराव त्यांना खरोखर उपयोगी पडतो. मात्र काही चुका वारंवार आढळतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे वर्षानुवर्षांची रोजची दारू एकदम बंद करून घरीच ध्यानाला बसणे. अशा माणसाला शेवटच्या पिण्यानंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. दारू तुटल्यावर सुटणारी हातांची थरथर श्वासाकडे लक्ष देऊन थांबत नाही. तिच्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधेच घ्यावी लागतात. कुठे जावे हे कळत नसेल, तर 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारावे. सरावाची वेळ त्यानंतरची.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक जण करतो : तलफ घालवण्यासाठी ध्यान करणे. एक खलाशी मला म्हणाला, "मॅडम, वीसदा श्वास मोजला, तरी मन गुत्त्यावरच." मी त्यांना तलफ शरीरात कुठे जाणवते ते सांगायला लावले. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले की आधी जिभेखाली पाणी सुटते, मग घसा कोरडा पडतो आणि उजवा हात आपोआप खिशातल्या पैशांकडे जातो. मी विचारले, "मोठी लाट आली की होडी आडवी घालता, की तिचे तोंड लाटेला देता?" पुढचे त्यांना समजावावे लागले नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी या पद्धतीला लाटेवर स्वार होण्याचीच उपमा दिली होती : तलफ चढते, टोकाला पोहोचते आणि प्यायलो नाही तरी, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत, ओसरते. तिला न ढकलता आणि तिच्या मागे न जाता, घशापासून बोटांपर्यंत ती कशी बदलते एवढेच पाहत राहायचे असते.

सराव जमू लागला की समुपदेशन सोडून देणे ही तिसरी चूक. मार्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सजगतेचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम मुळातच बोधात्मक वर्तन उपचारावर, म्हणजे विचार आणि सवयी ओळखून बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनावर, उभा आहे. कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत आणि कोणत्या विचाराने पाय घसरतो हे शोधणे त्यात सरावाइतकेच महत्त्वाचे असते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, याच कार्यक्रमाच्या 286 जणांच्या चाचणीत वर्षभरानंतर सजगतेच्या गटाचे व्यसनाचे दिवस इतर गटांपेक्षा कमी भरले, पण ही सर्व माणसे प्राथमिक उपचार आधीच पूर्ण करून आलेली होती, हे विसरून चालणार नाही.

फक्त तलफ आली की सरावाला बसणाऱ्यांना ऐन वेळी काहीच सुचत नाही. मिसरी सोडू पाहणाऱ्या एका ताईंना मी भांडी घासताना पाण्याचा स्पर्श जाणून घ्यायला सांगितले होते. तीन आठवड्यांनी त्यांना प्रथमच, डबीचे झाकण उघडून बोट आत जाण्याआधीचा तो क्षण दिसला. तोवर हात केव्हा गेला हे त्यांना कळतच नसे.

बोट उलटून जवळचे माणूस गमावलेल्यांना डोळे मिटताच तेच दृश्य दिसू शकते. त्यांनी डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीवर टेकवून बसावे आणि हा त्रास समुपदेशकाला अवश्य सांगावा.

गणपतीत चाकरमानी येतात, रात्री आग्रह होतो आणि एखादा पेला घेतला जातो. "आता सगळेच संपले" हा विचार त्या एका पेल्यापेक्षा अधिक पाजतो. तो विचारही तलफेसारखाच येऊन जाणारा आहे हे ओळखून तिथून उठावे, घरी यावे, आणि दुसऱ्या दिवशी आग्रह कोणी केला, त्या वेळी मनात काय चालले होते, हे समुपदेशकापुढे जसेच्या तसे मांडावे.