झाडावरची सफरचंदं स्वयंपाकासाठी राखताना

सफरचंद ओढून तोडू नका. तळहातात धरून जरा वर उचला आणि हलकेच पिरगळा. तयार फळ देठासकट हातात येतं. देठ उपटला गेला की तिथे खड्डा पडतो आणि सड तिथूनच शिरते.

तोडणीच्या दिवशीच मी जुनी चादर अंथरून बसते आणि एकेक फळ हातात फिरवून बघते. ठेवणीत फक्त बेदाग, देठ असलेली फळं. याबाबतीत मी फार कडक आहे. एका वर्षी नखाएवढा डाग असलेलं एक फळ 'चालेल' म्हणून खोक्यात घातलं. पंधरा दिवसांनी खोक्याचा तळ ओला लागला. त्या फळाला बोट लावलं तर बोट आतच रुतलं, आणि भोवतालची अकरा फळं गेली होती. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं, त्याने शेजारची भराभर पिकतात. वर बुरशी स्पर्शाने पसरते. म्हणून आता प्रत्येक फळ कागदात गुंडाळते. बटाटेही जवळ ठेवत नाही.

जागा थंड हवी, शून्य ते 4 अंश सेल्सिअस उत्तम. फ्रीजमध्ये ठेवायची तर भोकं पाडलेल्या पिशवीत. हंगामाच्या शेवटी येणाऱ्या जाती काही महिने टिकतात. लवकर येणाऱ्या मात्र थोड्याच आठवड्यांत पिठूळ होतात, त्या साठवायच्या भानगडीत पडू नका, सरळ शिजवा.

माझी खरी भिस्त फ्रीझरवर. साल आणि गाभा काढून बोटाएवढ्या जाड फोडी करते. लिटरभर पाण्यात दोन लिंबं पिळून त्यात पाच मिनिटं ठेवते, म्हणजे काळ्या पडत नाहीत. मग निथळून, फडक्याने नीट टिपून ताटात एकेरी पसरते आणि ताट तसंच फ्रीझरमध्ये. दगडासारख्या झाल्या की पिशव्यांत भरायच्या. ही पायरी गाळलीत तर फोडींचा एकच गोळा होतो. मी पाव-पाव किलोच्या पिशव्या करते, हवा दाबून काढते, तारीख लिहिते. उणे 18 अंशांवर आठ-दहा महिने चव छान राहते. वापरताना वितळवू नका, गोठलेल्याच पातेल्यात टाका. वितळल्या की पाणी सुटून लिबलिबीत होतात.

ठेच लागलेल्या फळांचा गर करायचा. खराब भाग कापून, तळाला थोडंसं पाणी घालून, झाकण ठेवून शिजवायचं आणि घोटायचं. साखर आत्ता नको. पुढे तो गोडात जाईल की तिखटात, ते तेव्हा ठरेल. डब्यात वर बोटभर जागा सोडा, गोठताना गर फुगतो. बुरशी धरलेलं फळ मात्र अख्खं फेकून द्या. पॅट्युलिनसारखं बुरशीचं विष शिजवूनही पुरतं जात नाही.

दर आठवड्याला खोकं उघडून आधी वास घ्या. आंबूस वाटला की सगळे कागद सोडून बघा, आणि मऊ पडू लागलेली त्याच दिवशी चुलीवर चढवा.