घरबसल्या दहावी-बारावी? पैसे भरायच्या आधी हे बघा
एका महिन्यात बारावी, पासची गॅरंटी, पेपर घरूनच असं कुणी सांगितलं की तिथेच थांबा, कारण खऱ्या बोर्डाचा पेपर सेंटरवर जाऊनच द्यावा लागतो, अगदी एनआयओएसचा, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळा बोर्डाचा पण, त्यांची मेन परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला असते. नुसत्या नावावर जाऊ नका, फेक बोर्डवाले पण नावात 'दिल्ली' नाहीतर 'राष्ट्रीय' घालतात. आमच्या शेजारच्या मुलाची मार्कशीट मी हातात घेऊन बघितलीये, होलोग्राम, गोल शिक्का सगळं चकचकीत, पण भरतीच्या कागदपत्र तपासणीत बाद, पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही. म्हणून आधी बोर्डाचं नाव कोब्सेच्या, म्हणजे देशातल्या शालेय बोर्डांच्या संघटनेच्या यादीत शोधा, आणि पुढे ज्या कॉलेजात जायचंय तिथे विचारून घ्या. महाराष्ट्रात बाहेरून बसायचं तर आपला राज्य बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच.