पापणीचं ऑपरेशन मनासारखं झालं नाही? दुसरं मत घ्यायला निघण्याआधीची तयारी

आधी तारीख बघा. पापणीची सैल कातडी, चरबी काढायच्या ऑपरेशनला सहा आठवडेही झाले नसतील तर यातलं निम्मं अजून तुमच्या कामाचं नाही. काळंनिळं दोन-तीन आठवड्यांत जातं, पण उरलीसुरली सूज तीन महिने रेंगाळते आणि व्रण मऊ पडायला सहा महिने ते वर्ष लागतं. दोन्ही डोळ्यांची सूज एका वेगाने उतरत नाही, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात आरशासमोर उभं राहून ‘हा डोळा बारीक दिसतो’ म्हणण्यात अर्थ नाही. दुरुस्तीसाठी सर्जन साधारण सहा महिने थांबायला सांगतात, ते टाळाटाळ म्हणून नव्हे. अपवाद दोनच. ऑपरेशननंतर, विशेषतः पहिल्या चोवीस तासांत, दुखणं झपाट्याने वाढलं, डोळा ताठ होऊन पुढे आल्यासारखा वाटला किंवा दिसणं कमी झालं, तर ही तयारीची यादी फेका आणि इमर्जन्सी गाठा. डोळ्यामागे रक्त साचलं असेल तर नजर वाचवायला फार थोडा वेळ हातात असतो. दुसरा, डोळा पूर्ण मिटत नसेल आणि सकाळी बुब्बुळात वाळू गेल्यासारखं टोचत असेल, तर सहा महिने वाट बघत बसायचं नाही.

आता कागद. ऑपरेशन नोट, ऑपरेशन नोट, ऑपरेशन नोट. म्हणजे आत नेमकं काय केलं याची सर्जनने लिहिलेली नोंद. डिस्चार्ज कार्ड नव्हे. लोक डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या फोल्डरात घालून घेऊन जातात, आणि त्यावर ऑपरेशनचं नाव, थेंबांची यादी आणि टाके काढायची तारीख यापलीकडे काही नसतं. दुसऱ्या सर्जनला हवं असतं ते वेगळंच: कुठल्या बाजूची किती मिलिमीटर कातडी काढली, खालचा स्नायू कापला का, चरबी काढली की फक्त सरकवली, खालच्या पापणीत आतून शिरले की केसांखाली चीर दिली, बाहेरचा कोपरा ताणून बांधला का. हे कळल्याशिवाय खाली ओढलेल्या पापणीला कातडी कमी पडली आहे की आतला व्रण आवळतो आहे, हे नीट ठरवता येत नाही, आणि दोन्हींचे उपाय अगदी वेगळे. पहिल्यात दुसरीकडची, बहुधा कानामागची, कातडी आणून लावावी लागू शकते; दुसऱ्यात व्रण मोकळा करून कोपऱ्याला आधार देतात. नोट नसली की समोरचा अंदाज बांधतो, ‘नोट घेऊन या’ म्हणतो, आणि फी भरून तुम्ही घरी.

ती मागायची कशी? तोंडी नाही. साध्या कागदावर अर्ज: ऑपरेशन नोट, भुलीची नोंद, संमतीपत्राची प्रत आणि ऑपरेशनआधी काढलेले फोटो. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं, आणि ते ३ वर्षं जपून ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. सर्जनचं क्लिनिक एकीकडे आणि ऑपरेशन दुसऱ्याच नर्सिंग होममध्ये झालं असेल तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील. म्हणून अर्ज दोन्हीकडे द्या. भांडायला जाऊ नका, नुसता कागद मागा.

फोटो. ऑपरेशनआधीचे, आणि शक्य तर दहा वर्षांपूर्वीचेही. लग्नाचा अल्बम, जुना पासपोर्ट, काहीही चालेल. बऱ्याच जणांचे डोळे किंवा भुवया आधीपासून कमीजास्त असतात आणि ऑपरेशननंतर प्रथमच लक्षात येतात. आताचे फोटो मागच्या कॅमेऱ्याने, खिडकीच्या उजेडात, डोळ्यांच्या पातळीवरून, मेकअप आणि ब्यूटी मोडशिवाय. समोर, वर, खाली, दोन्ही बाजूंनी, आणि डोळे अलगद मिटून. कपाळ सैल सोडा. भुवया उचलून काढलेला फोटो डॉक्टरला चुकीचं सांगतो. एक फोटो मात्र घरच्यांनाच काढायला सांगा, तुम्ही गाढ झोपेत असताना. पापण्यांमध्ये पांढरी रेघ दिसते का, हे जागेपणी दाबून मिटलेल्या डोळ्यांत कळत नाही.

मग तक्रार नेमकी करा. ‘बरं नाही दिसत’ एवढ्यावर काही होत नाही. वरची कातडी अजून लोंबते असं वाटत असेल तर खरा दोष खाली आलेल्या भुवईचा असू शकतो, किंवा पापणी उचलणाऱ्या स्नायूचा. सरळ बघताना बाहुलीत चमकणाऱ्या टॉर्चच्या ठिपक्यापासून वरच्या पापणीची कड साधारण ४ ते ५ मिलिमीटर वर असते. बरीच कमी असेल तर आणखी कातडी कापून काय होणार? उलट भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत निदान २० मिलिमीटर कातडी राहावी असा सर्जनांचा ठोकताळा आहे, त्याखाली गेलं की डोळा मिटायची पंचाईत. एकाच डोळ्याची पापणी उचलून घेतली तर दुसरी खाली येऊ शकते, हेही आधीच विचारून घ्या. डोळे खोल गेले असतील तर चरबी जास्त निघाली असेल, आणि ते ऑपरेशन नोटवरच कळतं. (तोवर ‘फिलरने’, म्हणजे खड्डा भरायच्या इंजेक्शनने, ‘भरून देतो’ म्हणणाऱ्या पार्लरकडे फिरकू नका. डोळ्याभोवतीचं फिलर रक्तवाहिनीत गेलं तर नजर जाऊ शकते.)

कोरडेपणाची तपासणी नेत्रतज्ज्ञाकडे आधीच करून घ्या. खालच्या पापणीत अडकवलेली कागदाची पट्टी ५ मिनिटांत १० मिलिमीटरही भिजली नाही तर अश्रू कमी आहेत. लॅसिक (चष्मा घालवायचं लेसर ऑपरेशन) झालं असेल तर सांगा. थायरॉइडचा रिपोर्ट सोबत ठेवा, त्या आजारातही पापण्या वर ओढल्या जातात. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर नावं लिहून न्या, स्वतःहून बंद करू नका.

आधी मूळ सर्जनकडे एकदा जाच. छोटी दुरुस्ती अनेकदा तेच जागा बधिर करून करतात; फी माफ असली तरी ऑपरेशन थिएटरचे पैसे कोण देणार ते लिहून घ्या. दुसरं मत ऑक्युलोप्लास्टीवाल्या (पापण्या आणि डोळ्याभोवतीच्या प्लास्टिक सर्जरीतल्या) नेत्रसर्जनचं किंवा एमसीएच, म्हणजे प्लास्टिक सर्जरीची खास पदवी असलेल्या, प्लास्टिक सर्जनचं. महाराष्ट्रात मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत नाव तपासा. निघताना ऑपरेशन नोट पिशवीत आहे का बघा. नोटचा मोबाइलवरही फोटो.

बाकीचं थोडक्यात. प्रश्न पाचच न्या, वीस नकोत. चांगला सर्जन ‘काहीच करू नका’ म्हणाला तर ते मतच समजा, अपमान नव्हे. सौंदर्यासाठीचं ऑपरेशन विम्यात सहसा बसत नाही. पापणी नजरेआड येत असेल तर फील्ड टेस्टचा (नजरेच्या कक्षेच्या तपासणीचा) रिपोर्ट लावून विचारा. ग्राहक आयोगात जायचंच असेल तर मुदत २ वर्षं, नापसंती म्हणजे हलगर्जी नव्हे, आणि वकीलही पहिल्यांदा ऑपरेशन नोटच मागेल.