किरणोत्सारी प्रयोगशाळा मोकळी करताना: आधी नहाणी ट्रॅप

बंद पडलेली रेडिओआयसोटोप प्रयोगशाळा स्वच्छ करून मोकळी करायची असेल, तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सार नोंदवणारा बिल्ला) आणि हातमोजे यांविषयी वेगळे सांगायला नको. आधी जुन्या नोंदवह्या शोधाव्यात आणि कोणते समस्थानिक कोणत्या टेबलावर वापरले गेले ते काढावे, कारण मोजायचे उपकरण त्यावरून ठरते. ट्रिशियमचे (हायड्रोजनच्या किरणोत्सारी रूपाचे) बीटा कण इतके दुबळे असतात की गायगर काउंटर मुकाच राहतो. तेथे पृष्ठभाग फिल्टर कागदाने पुसून तो कागद लिक्विड सिंटिलेशन काउंटरमध्ये (किरणोत्सारामुळे द्रवात उमटणारे प्रकाशाचे ठिपके मोजणाऱ्या यंत्रात) मोजावा लागतो.

त्यानंतर मोजणीला सुरुवात नहाणी ट्रॅपपासून, म्हणजे फरशीवरच्या जाळीखालच्या, सांडपाण्याच्या सापळ्यापासून. मागच्या वेळी मुंबईतल्या एका जुन्या इमारतीत आम्ही फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारे कपाट), बेसिन, बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, भिंतींचा रंग, सारे तपासले, अहवालही लिहिला. कोपऱ्यातल्या फरशीवरची जाळी मात्र कोणीच उचलली नाही. ती प्लंबरने उचलली (मी शेजारी उभा होतो, हे नशीब), तेव्हा खाली बोटभर काळा गाळ निघाला आणि त्यात सीझियम-१३७. फरशी पुसल्यावर बादली वर्षानुवर्षे तिथेच रिकामी होत असे, एवढेच कारण. सीझियम चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे आहे, त्यामुळे ते आपोआप जाईल ही आशा सोडावी. जाळी उचलावी, गाळाचा नमुना स्वतंत्र मोजावा आणि पुढचा पाइप कुठे जातो ते नकाशावर न पाहता पाइपांच्या डक्टमध्ये शिरून पाहावे. आम्हाला सगळे सर्वेक्षण पुन्हा करावे लागले.

धुण्याचा मोह टाळावा, कारण ओतलेली प्रत्येक बादली द्रव कचरा होते आणि शेवटी जाते त्याच जाळीत. ओलसर कापडाने, कमी दूषित भागाकडून जास्त दूषित भागाकडे पुसत जावे. काँक्रीटमध्ये मुरलेले असेल तर वरचा थर खरवडावा, पण धूळ शोषून घेणारे यंत्र लावूनच. कचऱ्याची पिंपे ताडपत्रीच्या भरवशावर गच्चीत ठेवणाऱ्याने मुंबईचा जुलै पाहिलेला नसावा. सीलबंद स्रोत (धातूच्या कुपीत बंद केलेले किरणोत्सारी पदार्थ) क्रमांक जुळवून अधिकृत ठिकाणीच पाठवावेत. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत कोबाल्ट-६० भंगारात पोचले आणि एक कामगार दगावला.

अखेरचे सर्वेक्षण चौकोन आखून करावे, तुलनेची पार्श्वभूमी तशाच फरशीच्या स्वच्छ खोलीत मोजावी, किरणोत्साराच्या इशाऱ्याची चिन्हे काढून टाकावीत, नोंदी जपाव्यात. सहीपूर्वी जाळी पुन्हा उचलावी.