दहा कॉम्प्युटरचं नेटवर्क कसं ओढावं, आणि त्यातून क्लस्टर कधी करावा

सांगलीच्या मार्केट यार्डातलं अडत दुकान असो की विश्रामबागेतला कॉम्प्युटर क्लास, गरज साधारण सारखीच असते. आठ-दहा मशीन, एक प्रिंटर आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर चालणारं एक सर्व्हर मशीन. केबल आणायच्या आधी जागेचा नकाशा कागदावर काढा आणि कुठली तार कुठून कुठे जाते ते आखा. या आखणीलाच टोपोलॉजी म्हणतात. पुढे बिघाड दहा मिनिटांत सापडणार की दिवसभर टेबलांखाली रांगावं लागणार, हे तिथेच ठरतं.

पूर्वी बस रचना असायची. एकच पातळ कोअ‍ॅक्सिअल केबल सगळ्या मशीनमागून फिरायची, प्रत्येकाला टी-जोड आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारं टोपण. तुकडा जास्तीत जास्त १८५ मीटर, वेग १० एमबीपीएस. एक टर्मिनेटर सैल झाला तरी सिग्नल टोकावरून उलटा फिरायचा आणि सगळं ऑफिस बंद. मेशमध्ये प्रत्येक मशीन दुसऱ्या प्रत्येकाला जोडायचं. दहा मशीनला ४५ तारा लागतात, म्हणजे तो विषय इथेच संपला. आपल्याला हवी ती स्टार रचना: मधे स्विच, म्हणजे सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात तो डबा, आणि प्रत्येक मशीनला स्वतःची तार. एक तार तुटली तर एकच मशीन बंद पडतं. स्विच गेला तर मात्र सगळेच बसतात, म्हणून तसाच दुसरा स्विच कपाटात ठेवा.

दहा मशीनला १६ पोर्टचा गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) स्विच घ्या. ८ पोर्टचे दोन घेऊन एकाला दुसरा जोडू नका. तसं केलं की पलीकडच्या सगळ्या मशीनची वाहतूक एकाच तारेतून जाते. टेबलाखाली लपवलेला पाच पोर्टचा छोटा स्विच तर टाळाच. झाडताना त्याचा अ‍ॅडॉप्टर निघतो आणि चार मशीन एकदम का गेली ते कुणाला कळत नाही.

केबल कॅट सिक्स, पूर्ण तांब्याची. बाजारात स्वस्त खोक्यात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार मिळते. ब्लेडने एक तार खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर खोका परत करा. ही तार क्रिंपिंगपाशी, म्हणजे कनेक्टर दाबून बसवतात तिथे, मोडते आणि लांब अंतरावर सिग्नल कमजोर होतो. एका खोक्यात ३०५ मीटर केबल असते. सरासरी १२ मीटरच्या दहा तारा धरल्या, प्रत्येकीला दोन्हीकडे मिळून दोन मीटर जादा ठेवली, तरी निम्म्याच्या आत काम होतं. एका तारेची मर्यादा, पॅच कॉर्ड (टोकांना जोडायच्या छोट्या तयार तारा) धरून, १०० मीटर. विजेच्या वायरिंगपासून फूटभर अंतर ठेवा आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात. केसिंग पट्टीत कोपऱ्यावर केबल दुमडू नका, गोल वळण द्या. दोन्ही टोकांना नंबर लिहून चिकटवा. हे पाच मिनिटांचं काम टाळणारे नंतर तास घालवतात.

क्रिंपिंगचा क्रम असा: क्लिप मागे, पिना तुमच्याकडे आणि केबल खालून धरून डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. तारांच्या जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडू नका आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर सगळा ताण बारीक तारांवर येतो. हमखास होणारी चूक म्हणजे रंगांच्या जोड्या सरळ शेजारी-शेजारी लावणं. दोन्हीकडे सारखंच लावल्यामुळे साध्या टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात. पण तिसरी आणि सहावी पिन एकाच पिळातली राहत नाही, सिग्नल एकमेकांत मिसळतात आणि फाइल कॉपी करताना वेग कोसळतो. दुसरी खूण: १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. म्हणून निळी किंवा तपकिरी तार तुटली की नेट बऱ्याचदा चालू राहतं, पण मशीन १००वरच जोडलेलं दिसतं. अशा वेळी सॉफ्टवेअरमागे लागण्याआधी टोक कापून नवीन कनेक्टर लावा.

आता पत्ते, म्हणजे प्रत्येक यंत्राचा नेटवर्कवरचा नंबर. नेट आणणारा मुख्य राउटर (फायबरवाल्याचा मोडेम असेल तर तोच) १९२.१६८.१.१, सर्व्हर १९२.१६८.१.१०, प्रिंटर १९२.१६८.१.२०, हे पक्के. बाकीच्यांना राउटर १९२.१६८.१.१०० ते १९९ यांतले पत्ते वाटेल. फायबरवाल्याचा मोडेम आणि आपला वायफाय राउटर दोन्ही पत्ते वाटू लागले की कधी चालतं, कधी नाही, असा खेळ सुरू होतो. आपल्या वायफाय राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्यातलं डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बंद करा आणि तार त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा, वॅनमध्ये नाही. मशीनला १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्याला पत्ता देणारं कुणी सापडलेलंच नाही. आधी तार आणि स्विचचा दिवा बघा.

सगळं नेटवर्क अचानक ठप्प, स्विचचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतात, असं झालं तर एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये कुणीतरी खोचलेली असतात. साधा स्विच निरोप गोल फिरवत राहतो. एकेक तार काढत जा; दिवे शांत झाले की चोर सापडला.

दुकान आणि पलीकडचं गोडाऊन जोडायचं असेल तर तांब्याची तार टाकू नका, अंतर तीस मीटर असलं तरी. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, आणि एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की त्या तारेतून झटका येऊन स्विचचे पोर्ट जळतात. इथे फायबर, तोही धातूची आधार-तार नसलेला, आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरचा प्रकाश आणि तांब्याच्या तारेतला सिग्नल यांची अदलाबदल करणारी डबी. एका धाग्यावर चालणारे कन्व्हर्टर ए आणि बी अशा जोडीनेच घ्यावे लागतात: एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो नि १५५०वर ऐकतो, दुसरा उलट. दोन्ही ए आणले तर दिवा लागत नाही. आणि नदीकाठच्या पेठांत स्विच-सर्व्हरचा रॅक तळमजल्यावर ठेवूच नका. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं.

हे नीट चाललं की क्लासमधली पोरं विचारतात, जुन्या मशीनचा क्लस्टर, म्हणजे एकच काम वाटून घेणारा मशीनचा गट, करू का? कल्पना जुनीच आहे: १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात स्टर्लिंग आणि बेकर यांनी ४८६ जातीच्या १६ प्रोसेसरांचा, साध्या इथरनेटवर (आपल्यासारख्याच तारांच्या नेटवर्कवर) चालणारा बेवुल्फ नावाचा क्लस्टर उभा केला. शिकायला उत्तम. वेगासाठी करणार असाल तर आधी हिशोब करा, कारण आजचं एक चांगलं मशीन चार जुन्यांना सहज मागे टाकू शकतं. चार मशीन प्रत्येकी १०० वॉट धरली तरी दहा तासांत चार युनिट वीज जाते.

क्लस्टरला वेगळा गिगाबिट स्विच द्या, पत्ते १०.०.०.१ ते ४. पहिलं मशीन मुख्य, त्याला दोन नेटवर्क कार्ड: एक ऑफिसकडे, एक क्लस्टरकडे. चौघांवर लिनक्सची एकच आवृत्ती, एकाच नावाचा आणि एकाच क्रमांकाचा युजर. मुख्य मशीनवर एसएसएचची (दुसऱ्या मशीनमध्ये दुरून शिरायच्या सोयीची) किल्ली बनवून बाकीच्यांवर टाका, म्हणजे पासवर्ड न विचारता आत जाता येईल. एक फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वाटायची सोय) सगळ्यांना दिसू द्या. घड्याळं जुळवा. मग ओपन एमपीआय, म्हणजे एकाच प्रोग्रॅमचे तुकडे मशीनमशीनवर चालवून त्यांना एकमेकांशी बोलू देणारं सॉफ्टवेअर, चौघांवर तीच आवृत्ती, आणि होस्टफाइलमध्ये (मशीनच्या यादीत) प्रत्येक मशीनच्या प्रोसेसरचे खरे कोअर लिहा. पहिली चाचणी मोठ्या प्रोग्रॅमने नको. चौघांकडून फक्त आपापलं नाव छापून घ्या. नावं आली पण खरा प्रोग्रॅम लटकला तर बहुतेक वेळा फायरवॉल असते, किंवा एमपीआय मुख्य मशीनच्या ऑफिसकडच्या कार्डावरून बोलायला बघत असतं. क्लस्टरच्या आतल्या जाळ्यात फायरवॉल मोकळी करा आणि कुठलं कार्ड वापरायचं ते सांगून टाका.

अ‍ॅनिमेशनची चित्रं रेंडर करायची असतील तर एमपीआयचीही गरज नाही. पहिल्या मशीनला १ ते २५०, दुसऱ्याला २५१ ते ५००, अशी वाटणी केली की झालं. उलट हिशोबाचं सॉफ्टवेअर क्लस्टरवर टाकून तसूभरही पळत नाही, कारण ते कामाचे तुकडेच करत नाही. कामातला १० टक्के भाग एकामागून एकच होणारा असेल, तर चार मशीनवर वेग जेमतेम तिप्पट होतो. तोच प्रोग्रॅम एक, दोन आणि चार मशीनवर चालवून वेळ लिहा. दोनावर निम्मा वेळ आणि चारावर तेवढाच लागला, तर उरलेली दोन काढून क्लासमध्ये परत लावा.