मुठीच्या खरखरीत थरासाठी 50 ग्रॅम ग्रिट कोठून मिळवावी?

हातोडीचा दांडा, शिडीची पायरी, काठीची मूठ किंवा व्यायामाच्या मुद्गलाची मान घामाने निसटू नये, यासाठी तिच्यावर इपॉक्सीमध्ये, म्हणजे दोन भाग कालवल्यावर घट्ट होणाऱ्या राळेमध्ये, बसवलेल्या खरखरीत कणांचा, म्हणजेच ग्रिटचा थर देता येतो. काम अवघड नाही. अडते ते कण मिळवताना, कारण व्यापारी 25 किलोंची गोणी पुढे करतो आणि आपली गरज मूठभर असते. म्हणून ती गरज आधी मोजून घ्यावी. 3.5 सेंटिमीटर जाडीच्या आणि 12 सेंटिमीटर लांबीच्या मुठीचे क्षेत्रफळ सुमारे 130 चौरस सेंटिमीटर भरते, आणि तिच्यावर 80 नंबरच्या कणांचा एकेरी थर बसला तर जेमतेम पाच ग्रॅम माल चिकटतो. भुरभुरताना खाली पडणारा माल धरूनही 50 ग्रॅम पुष्कळ होतात.

नंबर जितका मोठा, तितका कण बारीक. 46 नंबरचा कण सुमारे 0.36 मिलिमीटरचा, 80 चा 0.18 च्या आसपास, तर 120 चा 0.1 मिलिमीटरच्या जवळपास असतो. बूट किंवा हातमोजे लागणार असतील तेथे 46 ते 60 योग्य. उघड्या तळहातासाठी मात्र 120 च्या खाली उतरू नये, असे माझे मत आहे. मुद्गलाला 80 नंबर लावून मी स्वतः तळहात सोलवटून घेतला आहे.

बडोद्यात हा माल मागायचा तर विक्रेत्यापेक्षा तो रोज वापरणाऱ्याकडे जावे. मकरपुरा जीआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत सॅन्ड ब्लास्टिंगचे, म्हणजे हवेच्या झोताने कण मारून धातू साफ करण्याचे काम करणारे लोक ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या ग्रिटच्या गोण्या बाळगतात, आणि सकाळची गर्दी ओसरल्यावर झाकणाची बाटली घेऊन गेल्यास चहाच्या पेल्याएवढा माल द्यायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. मात्र तो न वापरलेला, नव्या गोणीतलाच मागावा. एकदा मी यंत्राच्या तळाशी साचलेला माल फुकट मिळाला म्हणून आनंदाने आणला. त्यात गंज आणि तेल मिसळलेले होते, आणि आठवडाभरात सगळा थर पापुद्र्यासारखा सुटून हातात आला. तेव्हापासून मी चिमूटभर माल पांढऱ्या कागदावर चोळून तेलाचा डाग पडतो का ते पाहतो आणि वरून लोहचुंबक फिरवतो. कण चुंबकाला चिकटले तर ती पोलादी ग्रिट असते, आणि ती घामाने गंजते.

दुसरा मार्ग अकीक दगडाच्या कारागिरांचा. बडोद्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरांवर असलेल्या खंभातमध्ये हा दगड पिढ्यानपिढ्या घासला जातो, आणि त्या कामासाठी लागणारी कार्बोरंडमची, म्हणजेच सिलिकॉन कार्बाइडची पावडर वेगवेगळ्या नंबरांत वापरात असते. तिकडे कोणी जाणार असेल तर नंबर चिठ्ठीवर लिहून द्यावा. नुसती ‘एमरी पावडर’ म्हटले तर काय हाती येईल याचा नेम नाही. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात व्हॉल्व्ह घासण्याची जी पेस्ट मिळते, तिच्यातही हेच कण असतात. परंतु ते ग्रीसमध्ये कालवलेले असल्यामुळे आपल्या उपयोगाचे नाहीत.

नदीची वाळू चाळून वापरण्याचा मोह मी टाळतो. तिचे कण पाण्याने झिजून गोलसर झालेले असतात आणि तिची बारीक धूळ फुप्फुसाला घातक असते. अकीकाच्या अशाच धुळीमुळे खंभातच्या अनेक कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग जडला आहे. ग्रिट कोणतीही असो, भुरभुरताना एन-95 मुखपट्टी लावावी आणि पंखा बंद ठेवावा. विजेच्या कामाच्या हत्यारांना हा थर देऊच नये. सिलिकॉन कार्बाइड हा अर्धवाहक पदार्थ आहे.

लावण्याची रीत थोडक्यात अशी. मूठ पॉलिश पेपरने घासून थिनरने पुसावी, दोन्ही टोकांना कागदी टेप लावावी आणि सावकाश घट्ट होणाऱ्या इपॉक्सीचा इतका पातळ हात द्यावा की ओघळ येणार नाही. मग खाली वर्तमानपत्र पसरून, मूठ सावकाश फिरवत, ग्रिट चहाच्या गाळणीतून वीतभर उंचीवरून पाडावी. बोटाने दाबू नये. दाबल्यास कण राळेत बुडतात आणि खरखरीतपणा जातो. राळ घट्ट होऊ लागताच, पण पूर्ण वाळण्यापूर्वी टेप काढावी, नाहीतर कडेचे कण तिच्याबरोबर उपटून येतात.

पूर्ण एक दिवस वाळल्यावर सुटे कण ब्रशने झाडून वर्तमानपत्रावरचा माल परत बाटलीत भरावा आणि बाटलीवर नंबर लिहावा. शेवटी जुने सुती धोतर किंवा पंचा मुठीवरून ओढून पाहावा. धागे अडकून निघाले तर थर उघड्या हाताला बोचणार, म्हणून त्यावर इपॉक्सीचा आणखी एक अगदी पातळ हात द्यावा. कापड नुसते अडखळले तर मूठ तशीच ठेवावी.